डाव्या डोळ्याची पहिली फ्रेम

ताई, गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आरोग्य शिबिर होतं. मी एरवी असल्या गर्दीत जात नाही, पण खाली दूध आणायला गेले होते आणि डोळ्यांच्या टेबलावर एक पिटुकला कॅमेरा दिसला. जुनी खोड. उभी राहिले. आता फोटो काढायला माणूस लागत नाही, ताई. हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, की मशीन आपणच डोळा शोधतं, आपणच फोकस करतं आणि आपणच थँक्यू म्हणतं. थेंबसुद्धा लागत नाहीत. टेबलामागची मुलगी फोनवर बोलत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मग शेजारच्या स्क्रीनवर फोटो उमटला आणि खालचं नाव वाचायच्या आत मी माझा डावा डोळा ओळखला. उजवीकडून एक बारीक शीर येते, मोठ्या शिरेला मिळायच्या आधी आडवं वळण घेते. 'हा बघ तुझा ओढा,' असं तुम्ही म्हणायचात. ओढा जिथल्या तिथे होता. त्याच्या काठाला लाल ठिपके होते, आणि पलीकडची मोठी शीर मध्ये मध्ये फुगलेली. मी काय केलं असेल? ओढणीचं टोक घेऊन स्क्रीन पुसली. ती मुलगी ओरडली, "मैम, टच मत कीजिए प्लीज!" ठिपके तसेच होते. तेव्हा तुमची आठवण आली, आणि खरं सांगते, तुमचा रागही आला.

साखर मला बरीच वर्षं आहे, पण डोळे आपले शाबूत आहेत अशा गुर्मीत मी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता पुढचं काय ते मला कुणी शिकवायला नको. शिरेत डाय, म्हणजे रंग, टोचून फोटो काढायचे, कुठली रक्तवाहिनी गळतेय ते पाहायचं, लागलं तर लेझर करायचं किंवा इंजेक्शनं घ्यायची. वेळेवर केलं तर नजर राहण्याची आशा असते, नाही केलं तर काय होतं ते मी तुमच्या शेजारी उभी राहून पाहिलंय. शिवाय नजरेवरच माझं पोट आहे. गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी दिवसभर परक्यांच्या डोळ्यांचे फोटो बघते आणि शीर कुठे फुगली, कुठे गळते, कुठे नवी फुटली त्यावर मशीनला शिकवण्यासाठी खुणा करते. आजूबाजूची मुलं कानाला हेडफोन लावून काम करतात. त्यांच्यातल्या कुणाला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला माहीत नाही.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. सरकारी इस्पितळाचा मागचा भाग, जिन्याखालून जाणारा बोळ, शेवटी तुमची खोली. दारावर काळा पडदा. दिल्लीत नुकती केबल आली होती, आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये गच्च्यांवर तबकड्या उगवत होत्या, बाबांच्या ऑफिसातले लोक मारुतीसाठी नंबर लावण्याच्या गोष्टी करत होते, आणि मी फोटोग्राफीचा सरकारी कोर्स करून लग्नाच्या अल्बमांऐवजी डोळ्यांचे फोटो काढायला आले होते. आईच्या मते ही अवदसाच होती. मी तुम्हाला "मॅडम" म्हटलं. तुम्ही वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "कुठली गं तू? मराठी ना? मग मॅडम पडद्याबाहेर. आत ताई म्हण." तेवढ्यात एक पेशंट आत आला. तुम्ही त्याचं नाव विचारलं नाहीत, कागद पाहिले नाहीत. पहिला प्रश्न: "साथ में कौन है?"

तो तुमचा नियम होता. थेंब घातले की बाहुली मोठी होते, उन्हात डोळे दिपतात, समोरची बस कुठल्या नंबरची तेही कळत नाही, म्हणून एकट्या आलेल्याला तुम्ही परत पाठवायचात. मग तो मेरठहून येवो की रोहतकहून. लोक भांडायचे, रडायचे, वरच्या साहेबांची चिठ्ठी आणायचे. तुम्ही ढिम्म. मी एकदा म्हटलं, "ताई, बिचारा पहाटेपासून रांगेत आहे." तुम्ही म्हणालात, "एकदा एकीला एकटीला जाऊ दिलं होतं. पुढचं विचारू नकोस." मी पुढचं कधी विचारलं नाही. एक सरदारजी मात्र तुम्हाला पुरून उरले. परत पाठवलं म्हणून बाहेर गेले आणि रिक्षावाल्यालाच हाताला धरून घेऊन आले. "लो जी, ये है मेरे साथ." तुम्ही त्या रिक्षावाल्याला विचारलंत, "घर तक छोड़ोगे? दरवाज़े के अंदर तक?" तो म्हणाला, "जी, चाय भी पिला दूँगा." तुम्ही इतक्या हसलात की फोकस हलला. दोघांना बसवून घेतलंत. पुढे कितीतरी दिवस खोलीत काही बिनसलं की आपण एकमेकींना म्हणायचो, "जी, चाय भी पिला दूँगा."

त्या खोलीतलं मला आजही सगळं दिसतं. पेशंटची हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्टीला लावलेलं, हाताच्या शिरेत नारिंगी डाय जातोय, निळा प्रकाश, आणि तुम्ही एका डोळ्याने भिंगात बघत श्वास रोखून बसलेल्या आहात. काही सेकंद काहीच होत नाही. मग भिंगातल्या अंधारात एक शीर उजळते, तिच्या मागून दुसरी, आणि बघता बघता सगळा डोळा आतून पेटतो. तुमचं बोट बटणावर टकटक चाललंय. सुरुवातीला शिरांच्या कडा नीट असतात. मग जिथे रोग आहे तिथे डाय झिरपायला लागतो, शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा. पेशंटला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की मळमळतंय आणि आपण पिवळे पडलोय. एक लाजपत नगरच्या बाई आरशात बघून किंचाळल्याच. "हाय रब्बा, मैं तो हल्दी की रस्म वाली लग रही हूँ!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मैं सांगली की हूँ जी, हमारे यहाँ की हल्दी मशहूर है. कल तक उतर जाएगी." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "पिवळं करण्यात आमचा हात कोण धरणार!"

आता पहिल्या फ्रेमचं. फिल्मची नवी पेटी आली की आधी आपल्यावर तपासायची, पेशंटवर नाही, ही तुमची रीत. एकदा तुम्ही समोर बसायचं, एकदा मी. डाव्या डोळ्यात थेंब, उजव्याने दिवसभर काम. रोलची पहिली फ्रेम आपल्या दोघींपैकी एकीची. ती धुऊन, वाळवून दिव्यावर धरायची आणि पाहायची, शिरांच्या कडा धारदार आहेत का, काळा रंग नीट काळा आलाय का. बास. ती फ्रेम रिपोर्टला जात नसे, कात्रीने कापून डब्यात टाकायची. डोळ्याचा फोटो आपला आपल्याला काढता येत नाही, समोर कुणीतरी बसावंच लागतं. माझा डावा डोळा तुमच्याइतका कुणी पाहिलेला नाही, ताई. माझ्या आईनेही नाही. आणि तुमचा मी पाहत होते, म्हणजे कडा पाहत होते. म्हणून एकदा तुमच्या फ्रेमवर काळे ठिपके दिसले तेव्हा मी काय करावं? मी भिंग पुसलं. रबरी फुंकणीने धूळ उडवली, मऊ कागद फिरवला, तुम्हाला पुन्हा बसवलं, पुन्हा फोटो काढला. धुतल्यावर ठिपके तिथल्या तिथे. मग मी फिल्म खराब ठरवली, पुरवठादाराच्या नावाने बोटं मोडली आणि परत एकदा भिंग पुसलं. तुम्ही हनुवटी टेकवून बसला होतात, मला पुसू देत होतात. मग पेशंट आला, त्याच भिंगातून, त्याच रोलवर त्याचा डोळा स्वच्छ आला. मी दोन्ही फ्रेमा शेजारी शेजारी धरून उभी राहिले. तुम्ही मागून म्हणालात, "पुसून जाणारं नाही ते. भिंगावर नाहीये, माझ्यात आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"फ्रेमा मीच धुते ना गं? आणि साखर माझीच आहे."

"मग डॉक्टर सरांना दाखवा ना. आजच दाखवा."

"पहिली फ्रेम रिपोर्टला जात नाही," तुम्ही म्हणालात आणि पडदा सारून ओरडलात, "अगला कौन है? साथ में कौन है?"

मी तुमची पाठ सोडली नाही, हे तुम्हीही मान्य कराल. शेवटी तुम्ही सरांना दाखवलंत, त्यांनी लेझर सांगितलं, तीन-चार बैठका, प्रत्येक वेळी कुणीतरी बरोबर हवं. तुमचा भाऊ सांगलीला, त्याची शेती, त्याची मुलं. करोल बागेतली तुमची बरसाती, म्हणजे गच्चीवरच्या त्या दोन खोल्या. तिथे घरमालकीण चांगली होती, पण तिला दुकान. मी म्हटलं, मी येते. तुम्ही म्हणालात, "तू आलीस तर कॅमेऱ्यावर कोण बसेल? हा कॅमेरा आपल्या दोघींना सोडून कुणाला येतो? दोघी गेलो की खोलीला कुलूप. माणसं कुठून कुठून येतात, बघतेस ना." मी म्हटलं, एक दिवस कुलूप लागलं तर दिल्ली बुडणार नाही. तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर चिडलात. "शहाणपण शिकवू नकोस. पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना म्हणजे सरकारी शब्द, त्याला अंत नाही.

त्याच दिवसांत एका रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. गच्चीवर ऊन, दोरीवर साड्या, खालून बाजाराचा गलका. तुम्ही पिठलं हाटत होतात आणि मी भाकरीला ताटं मांडत होते. मीठ हवं होतं. फळीवर सारखे डबे ओळीने होते, मी झाकणं उघडून बघायला लागले. तुम्ही न बघता म्हणालात, "एक रबरबँड लावलेला घे." मिठाच्या डब्याला एक रबरबँड होता, साखरेच्या डब्याला दोन. मी विचारलं, हे कशाला? "साखर मला चालत नाही ना, चुकून पडायला नको," असं म्हणून तुम्ही विषय बदललात. मला पटलं तेव्हा. ताटात वाढताना तुमचा हात वाटीच्या कडेला एकदा लागला, पिठलं सांडलं, तुम्ही लगबगीने पुसलंत आणि सांगलीच्या वांग्यांचं कौतुक सुरू केलंत. पिठलं फार छान झालं होतं. तसं मला अजून जमत नाही.

आणि मग ती सकाळ. मेरठच्या एक म्हाताऱ्या बाई समोर बसल्या आहेत, सुई शिरेत आहे, डाय सोडायचा बाकी आहे, तुम्ही भिंगात बघताय. तुम्ही म्हणता, "भिंगावर काहीतरी आलंय गं. काळा दोरा आहे. पूस जरा." मी वाकून बघते. भिंग लख्ख आहे. तरी मी मऊ कागद घेते आणि पुसते, नीट, कडेपासून मध्यापर्यंत, तुम्हीच शिकवलं होतंत तसं. "गेला?" मी विचारते. तुम्ही पुन्हा डोळा लावता. "नाही. खाली सरकतोय." भिंगावरचा दोरा सरकत नाही, ताई, डोळ्यात उतरलेलं रक्त सरकतं. हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. म्हाताऱ्या बाई घाबरून विचारतात, "मैडम, मशीन ख़राब है क्या?" तुम्ही स्टुलावरून उठता, कॅमेऱ्याच्या कडेला धरून, आणि म्हणता, "नहीं माताजी, मशीन बिल्कुल ठीक है." मग माझ्याकडे न बघता, "तू बस." मी बसले. त्या दिवशी त्यांचे फोटो उत्तम आले. एकही फ्रेम हलली नव्हती, याचं मला आजपर्यंत नवल वाटतं.

भाऊ आला, लेझर झालं, ऑपरेशनही झालं, पण डावा गेला तो गेलाच आणि उजव्यात धूसर तेवढं उरलं. इस्पितळाने तुम्हाला घालवलं नाही, बाहेर दारापाशी टेबल दिलं. तिथून तुमचा आवाज यायचा, "साथ में कौन है?" आत मी एकटी. नवी पेटी आली की दारातून तुम्हाला बोलवावंसं वाटायचं, पण तुमचा डोळा आता फोटोच्या कामाचा राहिला नव्हता आणि माझ्या डोळ्याचा फोटो काढणारं कुणी नव्हतं. मग मी परस्पर पेशंटवरच पेटी उघडू लागले. पुढे सर नोकरी सोडून गुडगावच्या नव्या खाजगी इस्पितळात गेले आणि मला बोलावणं आलं. मी तुमच्याशी आठवडाभर बोललेच नाही, तुम्हाला कुठून तरी कळलं. तुम्ही म्हणालात, "तोंड काय लपवतेस? जा. तिथे म्हणे फिल्मच लागत नाही, फोटो लगेच पडद्यावर येतो." निघताना तुम्ही टेबलाच्या खणातून एक काळा गॉगल काढून दिलात. थेंब घातलेले पेशंट गॉगल विसरून येतात म्हणून तुम्ही सरोजिनी नगरच्या बाजारातून ढिगाने आणून ठेवायचात त्यातला. "गुडगावला झाडं नाहीत, ऊन फार आहे," असं म्हणालात. खरंच नव्हती तेव्हा. मोहरीची शेतं, मध्येच एखादी काचेची इमारत आणि धूळ.

तुम्ही गेल्याचं तुमच्या भावाने फोन करून कळवलं, तोवर तेरावा होऊन गेला होता. किडन्यांनी दगा दिला म्हणाले. मी तेव्हा एका चकचकीत खोलीत उभी होते, फोटो खरंच लगेच पडद्यावर येत होता. रोल नव्हता, म्हणून पेटी नव्हती, आणि पहिली फ्रेमही नव्हती. इतकी वर्षं माझ्या डाव्या डोळ्याकडे कुणी बघितलं नाही ते त्यामुळेच. आई-बाबा गेले, धाकटा भाऊ तिकडे टोरांटोला. चौदाव्या मजल्यावर राहते. शेजारच्या फ्लॅटमधले लोक चांगले आहेत, दिवाळीला काजूकतलीचा डबा ठेवतात, पण त्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. तुमच्याकडे निदान सबब होती, कॅमेऱ्यावर कोण बसेल. माझ्याकडे तीही नाही, कॅमेरे आता आपले आपण बसतात.

पण मी जाणार आहे. पुढच्या महिन्यात वगैरे नाही, परवाच. काल इस्पितळात फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैम, अटेंडेंट कंपल्सरी है. ड्रॉप्स के बाद अकेले नहीं जाने देंगे."

"मालूम है," मी म्हटलं.

"तो अटेंडेंट का नाम बता दीजिए."

मी तुमचं नाव सांगितलं. आडनावासकट. तिला ते नीट कळेना, मी एक एक अक्षर फोडून सांगितलं.

"आपकी क्या लगती हैं?"

"साथ काम करते हैं."

"ठीक है मैम. उनको बोलिएगा, टाइम पर आ जाएँ."

तर परवा यायचं आहे तुम्हाला. दारातल्या बाईने विचारलं तर सांगेन, खाली गाडी लावताहेत. कॅमेऱ्यावर तुम्ही असतात तर मला ताबडतोब परत पाठवलं असतंत, ते मला माहीत आहे. तो गॉगल काढून ठेवलाय, एक दांडी सैल झालीय, पण नाकावर राहतो. परत येताना कॅब करीन. हल्लीचे कॅबवाले दाराच्या आत काय, गाडीतूनही उतरत नाहीत, नुसता ओटीपी विचारतात. लिफ्टमध्ये माझं पिवळं तोंड बघून कुणी काही विचारेल असं वाटत नाही, आणि विचारलंच तर सांगलीच्या हळदीचं सांगेन. तुमचं नाव मी काही विचार करून सांगितलं असं समजू नका, ताई. त्या मुलीने नाव विचारलं तेव्हा मला दुसरं कुठलं आठवलंच नाही.